दुसरा लिहिणारा

निनाद निकमला काहीही विचारलं की उत्तर यायला जरा वेळ लागायचा. बायकोने, प्राजक्ताने, विचारावं, "गच्चीचं दार लावलंस का?" की तो खिडकीखालच्या टेबलाकडे बघायचा. टेबलावर कॉम्प्युटरची पेटी होती. तिच्यावरचा निळा दिवा लुकलुकायचा आणि मग निनाद म्हणायचा, "लावलं. पण कडी अडकतेय, तेल घालायला हवं." त्यांची पाच वर्षांची शर्वी त्या दिव्याची वाट बघतच मोठी होत होती. घरी आलेल्या पाहुण्यांना ती समजावायची, "थांबा, बाबा शोधतायत." कराडात अशी आणखीही घरं होती, त्यामुळे पाहुणे निमूट थांबायचे आणि चहा प्यायचे.

सहा वर्षांपूर्वी आलेल्या त्या तापाला डॉक्टरांनी लांबलचक नाव दिलं होतं. लोकांनी त्याचं विसरताप करून टाकलं. ताप उतरायचा, पण जाता जाता काहींच्या मेंदूतला एक चिमूटभर भाग जाळून जायचा. नव्या आठवणी पक्क्या करायचं काम त्या भागाचं. तापाआधीचं सगळं जागच्या जागी आणि नंतरचं काहीच टिकत नाही, अशी ती माणसं होऊन बसायची. आत्ता जेवून उठलेला माणूस हात पुसता पुसता विचारायचा, पानं कधी घ्यायची? निनाद त्यांतलाच एक. शर्वी त्याच्या तापानंतर जन्मली, आणि त्याचे वडील, अप्पा, त्यानंतरच्या वर्षी गेले.

यंत्र आलं नसतं तर या दोन्ही गोष्टी निनादला रोज नव्याने सांगाव्या लागल्या असत्या. यंत्राचं नाव स्मरणजोड. कानामागे कातडीखाली नखाएवढी चकती बसवायची. ती दिवसभराचे ठसे टिपून घरच्या कॉम्प्युटरकडे पाठवायची, तिथला प्रोग्राम ते नीट लावून ठेवायचा, आणि माणूस आठवू लागला की हवा तो ठसा परत चकतीकडे यायचा. माणसाला वाटायचं, आपल्याला आठवलं. गल्लीच्या टोकापर्यंत हे चालायचं, आणि निनाद त्यापलीकडे फारसा जात नसे.

त्या प्रोग्रामचं पोट केतकीने बनवलं होतं. केतकी ही निनादची धाकटी बहीण, ओगलेवाडीच्या रस्त्यावरच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर. माणसाच्या आठवणी घराबाहेरच्या कुठल्याही सर्व्हरवर जाता कामा नयेत असा कायदा तेव्हा नुकताच झाला होता, म्हणजे सगळा साठा घरातल्या पेटीतच ठेवणं भाग होतं. मोठा डेटाबेस ही वखार असते. तिला वखारवाला लागतो, राखणदार लागतो, रोज कुणीतरी फेरी मारून बघावं लागतं. घरातली माणसं भाजी निवडायची सोडून हे करणार होय? म्हणून हवं होतं ते प्रोग्रामच्याच पोटात राहणारं, एका फाईलमध्ये मावणारं, कुणी लक्ष दिलं नाही तरी वर्षानुवर्षं चालणारं हलकं कोठार. ऑफिसात त्याला पोटकोठार म्हणत.

निवडीसाठी तीन पोटकोठारं होती. एक भलतंच चपळ होतं, पण मध्येच वीज गेली की शेवटचं लिखाण अर्धवट राहायचं, आणि वीज जाणार हे तर आपल्याकडे धरूनच चालावं लागतं. दुसरं एकाच वेळी अनेकांना लिहू द्यायचं. पण त्या दिमतीसाठी ते इतकी मेमरी खायचं की पेटी तापायची, तिला पंखा लावावा लागायचा, आणि पंखा म्हटला की आज ना उद्या बिघडणार. तिसरं अगदी सालस होतं. वाचणारे कितीही असोत, लिहिणारा एका वेळी एकच. दुसरा कुणी लिहायला आला तर त्याला थोडा वेळ ताटकळत ठेवायचं, आणि जागा झालीच नाही तर वाटेला लावायचं. केतकीने चालू पेटीचे प्लग उपटून उपटून पाहिले, पण त्याच्या फाईलचा केसही वाकडा झाला नाही.

मग तिने मेंदूचे डॉक्टर मुजावर यांना भर बैठकीत विचारलं, "एका माणसाच्या फाईलमध्ये लिहिणारे किती असतील?"

"किती म्हणजे? एकच, तुमचा प्रोग्राम," डॉक्टर म्हणाले. "मेंदूतला तो भाग गेलाय. गेलेला परत येत नाही."

केतकीने तिसरं निवडलं. त्या दिवशी जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर दुसरं कुणीही हेच निवडलं असतं, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच.

एक करामत मात्र तिच्या डोक्यातली होती. प्रत्येक वेळी लिहायची जागा धरायची, लिहायचं, जागा सोडायची, यात वेळ जायचा आणि डिस्क झिजायची. केतकी म्हणाली, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा आपण एकदाच रुमाल टाकू आणि उठायचंच नाही. गाडीत दुसरं कुणी चढणारच नसेल तर उठबस कशाला? सगळे हसले, आणि त्या कुलपाला ऑफिसात रुमाल हेच नाव पडलं. चकतीलाही तसाच हुकूम देऊन टाकला. रुमाल पडलेला असेपर्यंत डोक्यातून आणखी कसला लिहिण्याचा प्रयत्न झाला, तर ती बिघाडाची खरखर समजून दाबून टाकायची. पेट्या भराभर चालू लागल्या, हजारो घरांत पोचल्या. पहिल्या काही पेट्यांतली एक निनादच्या टेबलावर आली.

क्वचित कधी पेटी बंद करावी लागायची, आणि तेव्हा काय करायचं हे घराघरांत ठरून गेलेलं होतं. तापानंतर जन्मलेली मुलं शेजारी पाठवायची. वाईट काही सांगायचं नाही, विचारलं तर गोड थाप मारायची. मागे काही उरणारच नाही, तर त्या घटकाभरासाठी माणसाला रडवायचं कशाला? यात कुणाला काही वावगं वाटत नसे. केतकीलाही वाटलं नाही.

एका रविवारी ती निनादकडची डिस्क बदलायला आली. प्राजक्ताने शर्वीला शेजारच्या काकूंकडे सोडलं. केतकीने आधी बॅटरीची कळ बंद केली, मग प्लग काढला आणि निळा दिवा विझला. निनाद खुर्चीत बसल्या बसल्या घरभर नजर फिरवू लागला, भलत्याच स्टँडवर उतरलेल्या माणसासारखा.

"केतू, एवढी जाड कधी झालीस गं तू?" तो म्हणाला.

"तुझ्याच लग्नातलं जेवण अंगी लागलंय," ती स्क्रू फिरवत म्हणाली.

"आणि अप्पा? अप्पा कुठायत?"

"गावाला गेलेत. येतील."

"मला न सांगता?" निनाद पुटपुटला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. डिस्क बसली, दिवा लागला, तसा तो नेहमीचा निनाद झाला. "झालं का? शर्वीला आणतो," म्हणून चपला घालून शेजारी गेला. मधला वेळ त्याच्या दृष्टीने नव्हताच.

महिनाभराने पेटीची बॅटरी बदलायची वेळ आली. पुन्हा रविवार, पुन्हा शर्वी शेजारी, पुन्हा प्लग निघाला. निनादने डोळे चोळले, केतकीकडे पाहिलं आणि जरा वैतागूनच विचारलं, "अप्पा अजून आले नाहीत गावाहून?"

केतकीने हातातला प्लग खाली ठेवला. प्राजक्ता स्वयंपाकघरातून ओल्या हाताने बाहेर आली.

"कोण म्हणालं तुला, गावाला गेलेत म्हणून?" केतकीने सावकाश विचारलं.

"तूच म्हणालीस की. असंच ते खोकं उघडून बसली होतीस." निनाद कपाळ चोळत राहिला. "मला तेव्हाही कसंतरीच होत होतं."

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? तो रविवार फाईलमध्ये नव्हता. तेव्हा पेटी बंद होती, चकती मुकी होती. म्हणजे निनादच्या डोक्यात दुसरा आड होता, आणि त्याला पाणी लागलं होतं.

"म्हणजे बरा होतोय तो?" प्राजक्ताने केतकीचा दंड घट्ट धरला. "केतकी, बोल ना. बरा होतोय ना?"

केतकीला आधी आनंदच झाला, इतका की तिला हसू आवरेना. मग तिला रुमाल आठवला आणि ती टेबलाशेजारी जमिनीवरच बसली. दादाचा मेंदू लिहायला येत होता. कधीपासून कोण जाणे, रोज येत असेल. आणि तिने केलेली व्यवस्था त्याला रोज थोडा वेळ ताटकळत ठेवून परत पाठवत होती.

डॉक्टर मुजावरांनी तपासण्या केल्या. त्यांनी पडद्यावर निनादच्या मेंदूचं चित्र लावलं.

"मी तुम्हाला एकच म्हणालो होतो," ते म्हणाले. "तेव्हा आम्हाला तेवढंच माहीत होतं. हे बघा, जळालेल्या जागी कोंब फुटलाय. लिहायला मिळालं नाही तर सुकून जाईल."

"आणि मिळालं तर?"

"तर वाढेलही. पण त्याला तास-दोन तास पुरणार नाहीत, केतकीताई. जोड कित्येक महिने बंद ठेवावी लागेल. तेवढ्या काळात त्याची ही सहा वर्षं गेल्यासारखीच. मुलगी कोण, ते कळायचं नाही. आणि मध्येच धीर सुटून जोड परत लावलीत, तर कोंबावर परत दगड."

"रुमाल उचलला तर? म्हणजे दोघांनाही लिहू दिलं तर?"

"सुरुवातीच्या चाचण्यांत, धडधाकट माणसांवर, तुमच्याच लोकांनी पाहिलं होतं की. दोन्हीकडून एकदम आलं की माणसाला प्रत्येक गोष्ट दोनदा घडल्यासारखी वाटते. दारात उभा असलेला माणूस आत्ता आलाय की मघाशी येऊन गेलाय, हेच कळत नाही. वेड लागायची पाळी येते."

केतकीने तरी पुढचे कित्येक दिवस घासाघीस केली. अनेकांना लिहू देणारं ते तापट पोटकोठारही लावून पाहिलं. काही उपयोग नव्हता. मेंदू जे लिहितो ते उतरवून घेता येईल असं कोठार जगात कुणी बनवलेलं नव्हतं, मग ते फाईलशी जुळवून घ्यायचं कसं? तिने ऑफिसात सगळं सांगितलं तेव्हा तिच्या वरिष्ठ हर्डीकर मॅडम पांढऱ्या पडल्या. कुठल्या घरात कोंब फुटलाय हे पेटी बंद केल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि हे बाहेर फुटलं तर लोक आशेने आजच प्लग उपटतील आणि मुलांना न ओळखणारे आईबाप घेऊन बसतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मॅडमनी समिती नेमली. समितीने आणखी माहिती मागवली.

निनादला सांगायचं काम केतकीवरच आलं. तो गच्चीच्या दाराच्या कडीला तेल घालत होता. तिने काही न लपवता सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. दिवा लुकलुकला नाही. यात आठवण्यासारखं काही नव्हतंच.

"म्हणजे माझ्या डोक्यात दुसरा कुणीतरी उभाय," तो म्हणाला.

"दुसरा कुणी नाही रे. तूच आहेस."

"त्याला शर्वी माहितीये?"

"नाही."

"अप्पांना दारातून नेताना मी काय केलं, ते माहितीये? प्राजक्ताशी मागच्या दिवाळीत मी भांडलो आणि मग दोघं हसत सुटलो, ते?"

केतकीने मान हलवली.

"मग तो मी कसा? केतू, माझं सगळं त्या फाईलमध्ये आहे. ती फाईल तूच मला दिलीस. आता तू म्हणतेस, ती मिट आणि त्याला जागा करून दे. मी त्याला ओळखतसुद्धा नाही. मी का जायचं?"

"नाही गेलास तर तो कायमचा जाईल, दादा. आणि पेटी म्हणजे पेटीच. ती काय जन्माला पुरणारे? तो वाढला तर तुला पेटीची गरजच लागणार नाही."

"मला म्हणजे कुणाला?"

केतकीला रडू आलं, तसं निनादनेच तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला तेलाचा वास येत होता. लहानपणापासून ती रडली की त्याच्याने बघवत नसे.

"एक तास," तो म्हणाला. "प्राजक्ता शर्वीला बागेत नेईल तेव्हा. त्याला भेट, काय हवंय ते विचार. पण तासाने मला परत आण. शब्द दे."

तिने शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मायलेकी बागेत गेल्या. निनाद खुर्चीत बसला आणि कान टोचून घ्यायला बसलेल्या पोराने मिटावेत तसे त्याने डोळे मिटले. केतकीने प्लग काढला.

त्याने डोळे उघडले. या खेपेला त्याने घरभर पाहिलं नाही, सरळ तिच्याकडे पाहिलं.

"आलीस," तो म्हणाला. "मला वाटलंच, आता तू येशील."

"का वाटलं?"

"तू असलीस की मी असतो. ते खोकं, तुझा तो पाना, आणि मी. मध्ये काही नसतंच. मला काय झालंय गं?"

तिने सांगितलं. ताप, चकती, पेटी. मुलीचं नाव सांगितलं, तेव्हा तो ते दोनदा हळूच म्हणाला, नवा शब्द तोंडात घोळवावा तसा. मग त्याने ते विचारलंच.

"अप्पा गावाहून येणार नाहीत ना?"

आता थाप मारून चालणार नव्हतं. मारलेली थाप टिकणार होती, हे तिला कळून चुकलं होतं.

"अप्पा गेले, दादा. चार वर्षं झाली. झोपेतच गेले."

निनाद गदागदा रडला. त्याच्या हिशेबी तो या खुर्चीत बसलेला असताना, आत्ता अप्पा गेले होते, आणि त्यांना खांदा देणारा तो नव्हता. केतकी त्याच्या गुडघ्यांशी बसली. हेच रडणं ती पूर्वी एकदा, स्मशानघाटावर, याच माणसाबरोबर रडली होती. आता दुसऱ्यांदा रडताना तिला त्याची भयंकर लाज वाटत होती, आणि का ते सांगता येत नव्हतं.

"तेव्हा खोटं का बोललीस?" त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"वाटलं, तुला राहणार नाही लक्षात."

"राहिलं की." तो मान खाली घालून बसला. "थोडंच राहतं. पण माझं आहे ते. आज आणखी थोडं राहील."

बाहेर फाटकाची कडी वाजली. शर्वीचा आवाज आला, बाबांसाठी कुठलंसं फूल आणलंय म्हणून ती आईला काही सांगत होती. तास संपला होता. प्राजक्ता मुलीला पायरीवरच थोपवून धरेल, पण किती वेळ? केतकी उठली आणि टेबलाशी गेली. तिने प्लग हातात घेतला. एका भावाला तिने शब्द दिला होता, आणि दुसरा तिच्याकडे बघत होता. त्याने तिला अडवलं नाही. त्याने बाहेरच्या पोरीच्या आवाजाकडे कान लावला, चेहरा ओळखायचा प्रयत्न करावा तसा, आणि मग अगदी साधेपणाने विचारलं, "केतू, तू ते लावतेस ना, तेव्हा मी कुठे जातो गं?"